आईवडिलांशिवाय गाळणी नको: एक्झोममधून रिसेसिव्ह आजाराचं जनुक शोधण्याची रीत

एक्झोमचा (जनुकांच्या प्रथिनं घडवणाऱ्या भागांच्या वाचनाचा) डेटा आला की बहुतेक जण थेट एक्सेल उघडतात. झायगॉसिटीच्या रकान्यात ‘होमोझायगस’ (दोन्ही प्रतींत तोच बदल) निवडायचं, बदलाची लोकांतली वारंवारता एक टक्क्याखाली ठेवायची आणि उरलेल्या ओळींत ओळखीचं जनुक दिसतंय का ते बघायचं. दिसलं तर अहवाल, नाही तर ‘निगेटिव्ह’. मग तक्रार येते, “सॉफ्टवेअर नीट चाललं, पण काहीच सापडलं नाही.” पुण्यात बायोइन्फर्मॅटिक्स शिकणारी मुलं असोत की हॉस्पिटलच्या जेनेटिक्स विभागात नव्याने लागलेली मंडळी, प्रश्न हाच. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा नीटच चाललेलं असतं, त्याला विचारलेलं चुकलेलं असतं. रिसेसिव्ह आजारात मुलाला जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यामुळे एकट्या मुलाची फाइल पुरत नाही, सगळं कुटुंब लागतं. कुटुंबाची माहिती वाटेत कुठे गळते, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

लिनक्सच्या आज्ञा इथे देत नाही. त्या प्रत्येक टूलच्या मॅन्युअलमध्ये आहेत आणि आवृत्तीगणिक बदलतात. क्रम मात्र तोच राहतो.

१. आधी वंशावळ, मग संगणक

हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘नात्यातलं लग्न: नाही’ असं लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. मामाच्या मुलीशी लग्न करणं अनेक घरांत इतकं सरळ मानलं जातं की ‘नात्यात लग्न झालंय का?’ या प्रश्नाला पटकन ‘नाही’ असंच उत्तर येतं. प्रश्न फिरवून विचारा.

“ताई, सासूबाई लग्नाआधी तुमच्या कोणी लागत होत्या का?”

“आत्याच की माझ्या!”

एवढ्या उत्तराने पुढचं सगळं विश्लेषण बदलतं. आते-मामे भावंडांच्या मुलात जनुकांच्या सुमारे १/१६ जागांवर दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. मामा-भाचीच्या लग्नात हे प्रमाण १/८ होतं. चुलत, मावस, आते, मामे यांतलं नेमकं नातं लिहा, नुसतं ‘दूरचं नातं’ नको.

नातं खरोखरच नसेल तर दोघांचं मूळ गाव, तालुका आणि समाज विचारा. पुण्यात राहणारं जोडपं एकमेकांना अनोळखी असतं, पण दोघांची गावं बीडच्या एकाच तालुक्यातली निघतात. जात विचारायला संकोच वाटतो हे खरं, पण कारण सांगितलं की लोक मोकळेपणाने बोलतात. अगरवाल समाजात एमएलसी१ या मेंदूच्या आजाराच्या जनुकातला एक ठरावीक बदल पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. सिंधी कुटुंबांत बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारामागे एचबीबी जनुकातली ६१९ बेसची (डीएनएच्या अक्षरांची) गळती वारंवार सापडते, आणि पिंपरीत सिंधी वस्ती मोठी आहे. अशी माहिती हाताशी असेल तर कुठे बघायचं ते आधीच ठरतं.

लहानपणी दगावलेली भावंडं, वारंवार झालेले गर्भपात, निरोगी भावंडं, आजार सुरू झाला ते वय, हेही कागदावर घ्या. मग त्यावरून पेड फाइल, म्हणजे सॉफ्टवेअरला वाचता येणारी वंशावळ, बनवा. तिच्यात सहा रकाने असतात: कुटुंब, व्यक्ती, वडील, आई, लिंग, आजार. लिंगाच्या रकान्यात पुरुष १, स्त्री २. आजाराच्या रकान्यात निरोगी १ आणि बाधित २.

सावधान: शेवटच्या रकान्यात लोक सवयीने निरोगी ० आणि बाधित १ लिहितात. सॉफ्टवेअर एका शब्दाने तक्रार करत नाही. ते ० म्हणजे ‘माहीत नाही’ आणि १ म्हणजे ‘निरोगी’ असं वाचतं. आजारी मूल निरोगी ठरतं, आईवडील अज्ञात ठरतात आणि गाळणीतून भलतंच काहीतरी बाहेर पडतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आई आणि वडील यांचे रकाने उलटे भरणं. आधी वडील, मग आई.

२. एक्झोम करायचं का, आणि कोणाचं

पैसे भरण्याआधी एक यादी नजरेखालून घाला. काही रिसेसिव्ह आजार नेहमीच्या एक्झोममध्ये दिसतच नाहीत किंवा धड दिसत नाहीत.

स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीच्या ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत एसएमएन१ जनुकाचा सातवा एक्सॉन (प्रथिनाचा संकेत असलेला तुकडा) दोन्ही प्रतींतून गेलेला असतो. शेजारचं एसएमएन२ जवळजवळ हुबेहूब असल्याने रीड्स (मशीनने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) दोघांत वाटले जातात. इथे पहिली तपासणी एमएलपीए, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणारी. फ्रीडराइश अटॅक्सियात एफएक्सएन जनुकाच्या इंट्रॉनमधली (दोन एक्सॉनांमधल्या भागातली) अक्षरांची पुनरावृत्ती वाढलेली असते, आणि एक्झोम तिथे पोचत नाही. अल्फा थॅलेसेमियातल्या मोठ्या गळत्या आणि सीवायपी२१ए२ जनुकासारखंच दिसणारं शेजारचं निकामी जनुक, हे दोन्हीही असेच चकवतात. डॉक्टरांचा संशय यांपैकी एखाद्यावर असेल तर त्याची खास तपासणी आधी करा.

एक्झोम करायचंच ठरलं तर मूल, आई आणि वडील अशा तिघांचं करा. दोन मुलं बाधित आहेत, आईवडील नात्यातले आहेत आणि पैसे दोघांपुरतेच आहेत, असं असेल तर मी दोन्ही मुलांचं करेन. एकाचंच परवडणार असेल तरी आईवडिलांचं रक्त त्याच दिवशी घ्या आणि डीएनए काढून ठेवा. गावाहून आलेलं कुटुंब पुन्हा स्वारगेटला उतरून तुमच्यापर्यंत येईलच असं नाही.

संमतीपत्रात दोन गोष्टी हव्यातच. शोधत नसलेल्या आजाराची माहिती सापडली तर ती सांगायची की नाही, आणि तपासणीत नात्यांविषयी अनपेक्षित गोष्ट उघड होऊ शकते ही कल्पना.

३. डेटा ताब्यात घेताना

फक्त एक्सेल किंवा व्हीसीएफ (सापडलेल्या बदलांची फाइल) घेऊन येऊ नका, कच्च्या रीड्सच्या फास्टक्यू फाइली मागा. सोबत एक्झोम किटचं नाव, त्याची बेड फाइल (किट कुठले भाग पकडतं त्यांची यादी), आणि ती संदर्भ जीनोमच्या जीआरसीएच३७ आवृत्तीवर आहे की जीआरसीएच३८ वर, हे लेखी घ्या. कॉपी झाल्यावर एमडी५ (फाइलचा पडताळणी-संकेत) जुळवा. अर्धवट कॉपी झालेली फाइल बऱ्याचदा उघडते, शेवटचे रीड्स तेवढे गायब असतात.

फाइलच्या नावात रुग्णाचं नाव नको, संकेतांक द्या. व्हीसीएफ कुठल्याही फुकट वेबसाइटवर चढवण्याआधी संमतीपत्र काय म्हणतं ते बघा. काम स्वतःच्या मशीनवर करत असाल आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार असेल तर लांबलचक जॉब बुधवारी रात्री सुरू करू नका.

४. जुळवणी, आणि लगेच ओळखपरेड

फास्टपीने गुणवत्ता बघा, बीडब्ल्यूए-मेमने संदर्भाशी जुळवा, डुप्लिकेट खुणा करा. यात फारसं चुकत नाही. चुकतं ते संदर्भ निवडताना. जीआरसीएच३८ मध्ये २१ व्या गुणसूत्राचे काही तुकडे चुकून दोनदा आले आहेत. त्यात सीबीएस जनुक सापडतं, जे होमोसिस्टिन्यूरियाचं रिसेसिव्ह जनुक आहे. रीड्सना दोन घरं मिळतात, मॅपिंग गुणवत्ता शून्यावर येते आणि कॉलर (बदल ओळखणारं टूल) ती जागा सोडून देतो. या खोट्या प्रती झाकलेला संदर्भ उपलब्ध आहे, तोच वापरा.

पुढे जाण्याआधी मॉसडेप्थने खोली, म्हणजे एका जागेवर किती रीड्स पडले ते, मोजा. सरासरीवर खूश होऊ नका. संशयित जनुकांच्या किती एक्सॉनांवर तिन्ही नमुन्यांत २० रीड्स आहेत ते बघा. मग बॅम (जुळवलेल्या रीड्सच्या) फाइलींवर सोमॅलियर चालवून नाती तपासा. सोमॅलियर ‘रिलेटेडनेस’ दाखवतो, त्याचा निम्मा म्हणजे किनशिप, नात्याच्या जवळिकीचा आकडा. आई-मूल आणि बाप-मूल यांची किनशिप ०.२५ च्या आसपास यायला हवी, आणि जिथे दोघांची एकही प्रत जुळत नाही अशा जागा जवळजवळ शून्य. भावंडांचीही किनशिप तेवढीच असते, पण अशा न जुळणाऱ्या जागा त्यांच्यात बऱ्याच सापडतात. आईवडिलांची आपसातली किनशिप ०.०६ च्या आसपास आली तर फॉर्मवर काहीही लिहिलेलं असो, ते सख्ख्या आते-मामे किंवा चुलत-मावस भावंडांच्या नात्याचे आहेत. समुपदेशकाला पुन्हा वंशावळ विचारायला सांगा.

तपासा: एक्स आणि वाय गुणसूत्रांवरून निघालेलं लिंग पेड फाइलशी जुळतंय का? आई आणि वडिलांच्या नळ्या अदलाबदल झाल्या असतील तर ते इथेच कळतं. वडिलांचं नातं जुळलं नाही तर आधी नमुन्यांचा गोंधळ झाला का ते शोधा. तसा नसेल तर ही बाब समुपदेशकाकडे, बंद दाराआड. फोनवर नाही, विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच नाही.

५. तिघांचं कॉलिंग एकत्र

सगळ्यात जास्त केसेस इथे वाया जातात, म्हणून इथे थांबतो.

समजा मुलात एका जनुकात बदल सापडला. तो आईकडून आलाय, वडिलांकडून आला नाही, असं म्हणायचंय. वडिलांच्या व्हीसीएफमध्ये ती ओळच नाही. याचे दोन अर्थ होतात. एक, वडिलांची तिथली दोन्ही अक्षरं संदर्भासारखी आहेत. दोन, वडिलांच्या नमुन्यात तिथे रीड्सच पडले नाहीत. साध्या व्हीसीएफला हा फरक सांगता येत नाही, कारण त्यात फक्त बदललेल्या जागा लिहिलेल्या असतात.

तरीही लोक तीन वेगवेगळ्या व्हीसीएफ बीसीएफटूल्सने जोडून मोकळे होतात. या फाइलींत प्रत्येकाच्या दोन प्रती अशा लिहितात: ० म्हणजे संदर्भासारखं अक्षर, १ म्हणजे बदललेलं. जोडल्यावर वडिलांच्या रकान्यात ‘./.’ येतं, म्हणजे ‘माहीत नाही’, आणि रिसेसिव्ह गाळणी ती ओळ टाकून देते. मग कोणीतरी सुचवतं की मर्ज करताना गहाळ जागा ‘०/०’ धरायचा पर्याय आहे. तो तर आणखी वाईट. जिथे एकही रीड नाही तिथेही वडील ‘निरोगी’ ठरतात, आणि ते अहवालात ठाम वाक्य होऊन उतरतं.

बरोबर रीत अशी: प्रत्येक नमुन्याचं जीव्हीसीएफ, म्हणजे न बदललेल्या जागांचीही नोंद ठेवणारी फाइल, बनवा. जीएटीकेचा हॅप्लोटाइपकॉलर वापरा किंवा डीपव्हेरिएंट, दोन्ही चालतात. मग पूर्ण कुटुंबाचं जॉइंट जीनोटायपिंग करा, जीएटीकेसोबत त्याचं स्वतःचं, डीपव्हेरिएंटसोबत जीएलनेक्सस. आता वडिलांच्या रकान्यात ‘०/०’ येईल आणि त्याच्यापुढे खोली व जीनोटाइप गुणवत्ताही येईल. खोली ३५ असलेला ‘०/०’ आणि खोली २ असलेला ‘०/०’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मी तिघांसाठीही खोली किमान १० आणि जीनोटाइप गुणवत्ता किमान २० धरतो.

सावधान: जीएटीकेची व्हीक्यूएसआर गाळणी एकट्या कुटुंबावर लावू नका, तिला किमान तीसेक एक्झोम लागतात. थोड्या नमुन्यांना साध्या मर्यादा लावलेल्या बऱ्या.

६. नॉर्मलायझेशन, मग ॲनोटेशन

एका जागी दोन पर्यायी अक्षरं असतील तर ओळी वेगळ्या करा आणि गळत्या-भरत्या डावीकडे सरकवून घ्या. हे बीसीएफटूल्सचा नॉर्म करतो. त्यानंतरच व्हीईपी किंवा ॲनोव्हारने ॲनोटेशन, म्हणजे प्रत्येक बदलाला जनुक, परिणाम आणि वारंवारता जोडणं. क्रम उलटा झाला तर तोच बदल क्लिनव्हार या आजारांशी जोडलेल्या बदलांच्या कोशात असूनही जुळत नाही आणि ‘नवा’ म्हणून मिरवतो. गुणसूत्राचं नाव एका फाइलीत ‘सीएचआर१’ आणि दुसरीत नुसतं ‘१’ असेल तर वारंवारतेचे रकाने निमूटपणे रिकामे राहतात. रिकामा रकाना म्हणजे ‘अतिदुर्मीळ’ असं समजणारी गाळणी मग सगळ्यांनाच आत घेते.

तपासा: ॲनोटेशननंतर किती टक्के ओळींना नोमॅडची (जगभरच्या लोकांतल्या बदलांच्या कोशातली) वारंवारता मिळाली? एक्झोममधले बहुसंख्य बदल आधी कुठे ना कुठे नोंदलेले असतात. निम्म्या ओळी रिकाम्या असतील तर पुढे जाऊ नका.

७. एकसारखे पट्टे: आरओएच (रन्स ऑफ होमोझायगॉसिटी)

आईवडील नात्यातले असतील तर मुलाच्या गुणसूत्रांवर लांबच लांब पट्टे दोन्ही प्रतींत एकसारखे असतात. आजाराचं जनुक बहुधा अशाच पट्ट्यात दडलेलं असतं. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलात मिळून सरासरी १८० मेगाबेसच्या आसपास असे पट्टे निघतात, अर्थात घराघरांत फरक खूप पडतो.

एक्झोमसाठी ऑटोमॅप किंवा बीसीएफटूल्सचा रोह वापरा. प्लिंक वापरायचा असेल तर त्याची मूळ सेटिंग तशीच ठेवू नका. ती दर ५० किलोबेसला किमान एक मार्कर (तुलनेची जागा) मागते. एक्झोमचे मार्कर जनुकांभोवती गोळा झालेले असतात, मधे मोकळी रानं. खरा पट्टाही तुकडे होऊन निसटतो.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, पट्ट्याबाहेरचं सगळं फेकून देणं. नात्यातल्या जोडप्याच्या मुलातही कधीकधी दोन वेगळे बदल मिळून आजार होतो, त्यामुळे पट्टा प्राधान्यापुरता वापरा. दुसरी चूक, निरोगी भावंडाचे पट्टे जागा बघून वजा करणं. त्याच जागी दोघांचा पट्टा असला तरी अक्षरं वेगळी असू शकतात. जागा नको, अक्षरं जुळवा.

एकाच गुणसूत्रावर प्रचंड पट्टा आणि बाकी सगळीकडे सामसूम, असं दिसलं तर ते गुणसूत्र दोन्हीच्या दोन्ही एकाच पालकाकडून आलंय का ते तपासा.

८. गाळणी: एक नव्हे, तीन

गाळणी लावण्याआधी क्लिनव्हारमध्ये रोगकारक म्हणून नोंदलेले सगळे बदल वेगळ्या यादीत काढून ठेवा. कारण उदाहरणानेच सांगतो. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सगळ्यात जास्त आढळणारा बदल एचबीबीच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये पाचव्या जागेवर आहे, जी चा सी होतो. व्हीईपी त्याचा परिणाम ‘लो’ असा दाखवतो. ‘हाय’ आणि ‘मॉडरेट’ एवढेच ठेवणारी गाळणी देशातला सगळ्यात ओळखीचा बदल कचऱ्यात टाकते. सिकलसेलचं दुसरं टोक. नोमॅडच्या आफ्रिकी गटात त्याची वारंवारता ४ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून ‘प्रत्येक गटात एक टक्क्याहून कमी’ ही अट लावली की तोही गेला. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या कुटुंबाला असा ‘निगेटिव्ह’ अहवाल देणं परवडणारं नाही.

वारंवारतेचं गणित सोपं आहे. ४०,००० मुलांत एकाला होणारा रिसेसिव्ह आजार घ्या. त्याचं वर्गमूळ काढलं की २०० प्रतींत एक, म्हणजे ०.५ टक्का. डॉमिनंट (एकच बिघडलेली प्रत पुरते अशा) आजारासाठीची ०.०१ टक्क्याची मर्यादा इथे उचलून लावली तर हाती धुपाटणं. मी एक टक्का ठेवतो आणि सोबत नोमॅडमध्ये किती निरोगी लोक त्या बदलाला होमोझायगस आहेत ते बघतो. लहान वयातल्या गंभीर आजारासाठी हा आकडा वारंवारतेपेक्षा जास्त बोलका असतो. नोमॅडचा दक्षिण आशियाई गट म्हणजे महाराष्ट्र नव्हे, म्हणून १,०२९ भारतीय जीनोमांच्या इंडीजीनोम्स संचातही डोकावा.

आता स्लिव्हारसारख्या टूलने तीन वेगळ्या गाळण्या लावा.

पहिली: मूल ‘१/१’, आई आणि वडील दोघेही ‘०/१’. मूल ‘१/१’ आणि वडील ‘०/०’ असतील तर ओळ फेकू नका. वडिलांकडून आलेल्या प्रतीत तो तुकडाच गळालेला असू शकतो, आणि मग मुलात आईचं एकच अक्षर शिल्लक राहून ते होमोझायगस भासतं. एक्झोमडेप्थने तिथली खोली बघा.

दुसरी: एकाच जनुकात दोन वेगळे बदल, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही एकाच पालकाकडून आलेले असतील तर दुसरी प्रत शाबूत आहे आणि आजाराचा खुलासा होत नाही. एकट्या मुलाच्या फाइलमध्ये हा फरक कळत नाही. व्हॉट्सहॅप रीड्सवरून जोडी लावतो, पण छोट्या रीड्समध्ये दोन बदल काहीशे बेसच्या आत असतील तरच. टीटीएन, म्यूसिन घराणं, एचएलए आणि वास ओळखणारे रिसेप्टर या यादीत दर वेळी हजेरी लावतात. त्यांच्यामागे दिवस घालवू नका. टीटीएन तेवढं स्नायूंचा आजार असेल तर बघा.

तिसरी: मुलगा बाधित असेल तर एक्स गुणसूत्र. ‘रिसेसिव्ह’ म्हणून केस आली की याचा हमखास विसर पडतो.

एखाद्या लक्षणांशी तंतोतंत जुळणाऱ्या जनुकात एकच रोगकारक बदल सापडला तर दुसरा शोधायला परत मागे या. खोली कमी असलेले एक्सॉन, गळती, इंट्रॉनमधला स्प्लाइसएआयने दाखवलेला बदल, या क्रमाने.

९. लक्षणांवरून क्रम

एक्झोमायझरला व्हीसीएफ, पेड आणि एचपीओ या लक्षणांच्या प्रमाणित यादीतले संकेत द्या. ‘विकास मंद’ एवढंच दिलं तर शेकडो जनुकं वर येतात. ‘डोक्याचा घेर वाढलेला, एमआरआयमध्ये पांढऱ्या भागाला सूज, टेम्पोरल भागात गाठी’ असं दिलं तर एमएलसी१ सारखं जनुक पहिल्या काहींत येतं. लक्षणं डॉक्टरांशी बसून भरा, डिस्चार्ज कार्डवरून नव्हे. नसलेली लक्षणंही विचारा. एक्झोमायझरच्या मूळ सेटिंगमध्ये होमोझायगस बदलांसाठीची वारंवारतेची मर्यादा कंपाउंडपेक्षा (एकाच जनुकातल्या दोन वेगळ्या बदलांपेक्षा) बरीच कडक असते. समाजात पिढ्यानपिढ्या चालत आलेला बदल शोधताय, तर ती सैल करा.

१०. डोळ्यांनी बघा

पहिले पाच-सहा उमेदवार आयजीव्हीमध्ये तिन्ही बॅम एकाखाली एक लावून बघा. होमोझायगस जागी जवळजवळ सगळे रीड्स बदललेले हवेत, पालकांत साधारण निम्मे. सगळे बदललेले रीड्स एकाच दिशेचे असतील किंवा आजूबाजूला चिल्लर बदलांची गर्दी असेल तर तो बहुधा चुकीच्या जागी बसलेल्या रीड्सचा खेळ आहे. टिकलेला उमेदवार सँगरने (त्या एकाच जागेच्या वेगळ्या वाचनाने) मुलात, आईवडिलांत आणि शक्य असेल तर निरोगी भावंडांतही तपासा. निरोगी भावंडही ‘१/१’ निघालं तर उमेदवार बाद, फक्त आजार उशिरा दिसणारा नाही ना याची खात्री करून.

वर्गवारी एसीएमजी या अमेरिकी जेनेटिक्स संस्थेच्या २०१५ च्या निकषांनी करा. रिसेसिव्हमध्ये ‘दुसऱ्या प्रतीवर रोगकारक बदल आहे’ हा पुरावा मोजायचा तर दोन्ही बदल वेगवेगळ्या पालकांकडून आल्याचं दाखवावं लागतं.

सावधान: जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. मार्च१, सेप्ट९ अशा नावांच्या तारखा होतात. २०२० पर्यंत नामकरण समितीने ती नावंच बदलली, पण जुन्या याद्या अजून फिरताहेत.

११. अहवाल देताना

‘अनिश्चित अर्थाचा बदल’ हा निदान म्हणून लिहू नका, मग घरच्यांनी कितीही घाई केली तरी. पुढच्या गरोदरपणाचा निर्णय अशा बदलावर कोणी घेऊ नये, हे अहवालात स्पष्ट हवं. निदान पक्कं असेल आणि आईवडील दोघेही वाहक असतील तर पुढच्या प्रत्येक मुलाला २५ टक्के धोका हे लिहा, आणि मावशी, मामा, काका, आत्या यांच्या लग्नाळू मुलांची वाहक तपासणी सुचवा, विशेषतः घरातच सोयरीक ठरत असेल तर.

गर्भाचा नमुना असेल तर ओळखपरेडीत निघालेलं लिंग अहवालात, पेड फाइलच्या प्रतीत किंवा फाइलच्या नावात कुठेही जाता कामा नये. गर्भलिंग सांगायला बंदी घालणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा इथे लागू होतो.

‘निगेटिव्ह’ अहवालात कुठल्या एक्सॉनांवर खोली कमी पडली आणि कोणते प्रकार तपासलेच नाहीत ते नावानिशी लिहा. जीव्हीसीएफ, पेड आणि टूलांच्या आवृत्त्यांची यादी एकत्र जपून ठेवा. क्लिनव्हार सतत वाढत असतं, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा ॲनोटेशन करून गाळणी लावा, आणि त्यासाठी कुटुंबाचा चालू फोन नंबर समुपदेशकाकडे असल्याची खात्री करून घ्या.